दशावतारी मंडळीतील कार्यव्यवस्था : एक विचार

दशावतारी नाटकासंबंधी आपल्या समीक्षेत आजवर जे लेखन झाले, त्याचा फार मोठा भाग उगमाच्या चर्चेने व्यापलेला आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्यापूर्वी कोकणात हा खेळ कोणत्या रूपात होता, कर्नाटकातील यक्षगानाशी त्याचे नाते काय, समर्थांनी दासबोधात दशावतारी खेळ्यांचा जो उल्लेख केला आहे तो याच परंपरेतल्या खेळ्यांचा की अन्य कोणाचा, असे प्रश्न विद्वानांनी पुष्कळ घोळविले आहेत. ही चर्चा आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत दडलेले असते. दशावतार म्हणजे मराठी रंगभूमीची बाल्यावस्था; त्यास लिखित संहिता नाही, रीतसर तालीम नाही, दिग्दर्शक नाही; म्हणून त्याचे महत्त्व ऐतिहासिक आहे, कलात्मक बेताचेच, असे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात या तीन उणिवांकडे आम्ही निराळ्या बाजूने पाहणार आहो. संहिता नसता, तालीम नसता व दिग्दर्शक नसता दहा-पंधरा माणसे रात्रभर एक अवघड काम बिनबोभाट पार पाडतात, आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा पार पाडतात, हे घडते कसे? हा प्रश्न नाट्यकलेचा आहे तितकाच तो कार्यव्यवस्थेचाही आहे. ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात अशा कोणासही, विशेषतः शिक्षकांस व मुख्याध्यापकांस, तो विचार करण्याजोगा वाटावा.

आमच्या पेडणे तालुक्यातील वाचकांस दशावताराची ओळख करून देण्याचे कारण नाही. उत्तरेस तेरेखोल व दक्षिणेस शापोरा अशा दोन नद्यांमध्ये वसलेला हा मुलूख १७८८ मध्ये सावंतवाडीकरांच्या सत्तेतून पोर्तुगिजांकडे गेला. परंतु जत्रेच्या रात्री ही सीमा कोणी कधी मानली नाही. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडील मंडळ्या तेरेखोल उतरून इकडे येत राहिल्या व आजही येतात. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम सुरू होतो तो पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. देवळासमोरच्या मांडवात एक पडदा, एक बाकडे, बाजूस पायपेटी, पखवाज आणि झांज, एवढाच काय तो सरंजाम. तेच बाकडे इंद्राचे सिंहासन होते, तेच अरण्यातील शिळा होते आणि तेच ऋषीच्या आश्रमातील आसनही. आधी गणपती, सरस्वती व संकासुर यांचा पूर्वरंग, मग पुराणातील एखादे आख्यान, आणि उजाडता उजाडता दहीकाला, असा हा क्रम ठरलेला आहे.

आता यातील कामाची वाटणी पाहा. मंडळीचा प्रमुख, मग तो मालक असो वा जुना जाणता नट, खेळाच्या आधी आख्यान सांगतो. अमुक राजा, त्याची अमुक राणी, अमुक दैत्याचा उच्छाद, अमुक ठिकाणी युद्ध, आणि शेवट असा. कोणी राजपार्टी करावयाची, कोणी खलपार्टी, कोणी स्त्रीपार्टी, हे बहुधा प्रत्येकाच्या अंगच्या गुणांवरून ठरून गेलेले असते. एवढे सांगून झाले की प्रमुखाचे बोलणे संपले. यापुढे प्रत्येक नट आपल्या हाताने आपला चेहरा रंगवितो, आपल्या हाताने मुकुट बांधतो, आणि रंगमंचावर जाऊन जे बोलावयाचे ते तिथल्या तिथे स्वतःच्या बुद्धीने बोलतो. शब्द कोणी दिलेला नसतो. दिलेली असते ती दिशा, आणि जेथे पोहोचावयाचे ते ठिकाण.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. संवाद पाठ नसल्यामुळे प्रत्येक नटास समोरच्याचे बोलणे ऐकावेच लागते. लिखित नाटकात समोरच्याने वाक्य कसेही उच्चारले तरी आपले वाक्य ठरलेले असते; कान बंद ठेवूनही भूमिका वठविता येते, आणि असे नट आपण पुष्कळ पाहिलेले आहेत. दशावतारात ते शक्य नाही. राजाने प्रधानास विचारलेला प्रश्न प्रधानाने नीट ऐकला नाही तर पुढचे वाक्यच जन्मास येणार नाही. पेटीवाला व पखवाजवाला यांनाही रात्रभर नटाच्या तोंडाकडे पाहत बसावे लागते, कारण बोलता बोलता तो कोणत्या क्षणी पद धरील हे आधी ठाऊक नसते. तात्पर्य, ज्यास आपण संहितेचा अभाव म्हणतो तो या मंडळीत परस्परांकडे अखंड लक्ष ठेवण्याचा नियम होऊन बसला आहे. शिस्त येथेही आहे, आणि ती कडक आहे. तथापि ती वरून येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याच्या गरजेतून येते.

संकासुराच्या प्रवेशाचाही असाच पुनर्विचार व्हावयास हवा. वेद चोरणारा हा दैत्य काळ्या वेषात येतो आणि पुराणातील भाषा टाकून मालवणीत बोलू लागतो. सूत्रधाराची तो फिरकी घेतो, गावातील प्रतिष्ठितांस चिमटे काढतो, खुद्द मंडळीतील उण्यादुण्यांवरही बोट ठेवतो. समीक्षकांनी यास बहुधा ग्रामीण विनोद म्हणून बाजूस सारले आहे. आम्हांस मात्र त्याचे स्थान महत्त्वाचे वाटते. हा प्रवेश आख्यानाच्या आधी येतो. म्हणजे मुख्य काम सुरू होण्यापूर्वी कुरकुर बोलून दाखविण्याची जागा या परंपरेने विधीतच राखून ठेवली आहे. प्रमुखाची थट्टा होते, ती त्याच्या देखत होते, आणि तीमुळे त्याचा अधिकार उणावत नाही. ज्या कचेरीत साहेबाची थट्टा केवळ त्याच्या पाठीमागे होते, त्या कचेरीतील कामाची कळा कशी असते हे आम्ही सांगावयास नको.

याच्या शेजारी आपल्या संगीत नाटक मंडळ्या ठेवून पाहाव्यात. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी उभारली. १९१८ मध्ये आमच्या मंगेशीचे दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. या संस्थांचे ऋण मराठी मन कधी विसरणार नाही. परंतु तेथे नाटककाराची संहिता होती, तालीम मास्तर होते, आणि एखाद्या असामान्य नटाभोवती सारा संसार फिरत होता. तो नट आजारी पडला की खेळ अडे, आणि कर्जाचा बोजा वाढला की मंडळीच डळमळे. दशावतारी मंडळीत असामान्य नट झाले नाहीत असे नव्हे. परंतु तिची रचना कोणा एकावर उभी नसते. ही दोन कलारूपांची उच्चनीचता नव्हे, कामाच्या दोन निरनिराळ्या रीती आहेत, एवढेच आमचे म्हणणे.

हा विचार आम्हांस ग्रंथांतून सुचला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. आमच्या हाताखाली काम करणारे एक शिपाई हिवाळ्यात दशावतारी खेळात जातात हे आम्हांस ठाऊक होते. मार्गशीर्षातील एका दुपारी ते दारापाशी स्टुलावर बसल्या जागी झोपलेले आढळले. ही दुसरी खेप होती. आम्ही त्यांस लेखी ज्ञापन दिले. 'कामात लक्ष नाही' असे शब्द आमच्याच लेखणीतून उतरले होते. त्यांनी सही करून कागद घेतला व काही बोलले नाहीत. पुढे महिन्याभराने तालुक्यातील एका जत्रेस आम्ही सहकुटुंब गेलो असता रंगमंचावर राजाच्या वेषात तेच गृहस्थ उभे होते. आख्यान मध्यावर आले आणि दैत्याचे काम करणारा नट अद्याप गावात पोहोचलाच नाही अशी कुजबुज मांडवात पसरली. पडद्याआडून प्रमुखाने केवळ मान बाहेर काढून राजाकडे पाहिले. राजाने ती नजर ओळखली. त्याने प्रधानास राज्याची हालहवाल विचारण्यास आरंभ केला. शेतसारा, पाऊसपाणी, तळ्याचा बांध, विधवांचा सांभाळ, एकेक प्रश्न असा निघत गेला की प्रेक्षकांस तो आख्यानाचाच भाग वाटावा. मध्येच पेटीवाल्याने सूर धरला व एक पद झाले. सुमारे अर्धा तास लोटला असेल. मग पडद्यामागून दैत्याची आरोळी उठली आणि मांडवाने सुटकेचा श्वास टाकला. उशिरा आलेल्या नटास प्रमुखाने सर्वांदेखत एक अवाक्षर विचारले नाही. सकाळी रंग पुसताना मात्र दोघे बाजूस बसून बराच वेळ बोलत असलेले आम्ही पाहिले.

ज्या माणसाच्या नावे 'लक्ष नाही' असा शेरा आम्ही सरकारी कागदावर लिहिला होता, त्याच माणसाने निव्वळ लक्षाच्या बळावर शेकडो लोकांची रात्र सावरली होती. हा अनुभव आम्हांस लागला. अर्थात शाळेच्या वेळेत झोपणे योग्य नव्हे, आणि दफ्तरी कागद फाडून टाकण्याचा अधिकार मुख्याध्यापकास नसतो. तो कागद अद्याप आहे. त्याखाली आम्ही आमच्या सहीने दुसरी टीप जोडली आहे. पण प्रश्न त्या कागदाचा नव्हता. त्या माणसाशी आम्ही एकदाही बाजूस बसून बोललो नव्हतो, हे त्या सकाळी प्रथम आमच्या ध्यानात आले. बोललो तेव्हा कामाच्या वेळा हंगामापुरत्या थोड्या फिरविण्याने प्रश्न सुटला. त्यास ज्ञापनाची गरजच नव्हती.

येथवर वाचून आमच्यावर एकांगीपणाचा आरोप येईल, आणि तो काही अंशी खरा ठरेल. दशावताराची थोरवी गाताना या मंडळ्यांची दुसरी बाजू झाकली जाऊ नये. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण दशावतारी नटाविषयीच आपल्याकडे रूढ आहे. पूर्वी सामानाचे पेटारे डोक्यावर घेऊन या मंडळ्या गावोगाव पायी जात. आज गाडी आली, पण म्हणीतील बोजा सर्वस्वी उतरला असे म्हणवत नाही. नटास मिळते ते रात्रीच्या हिशेबाने. पावसाळ्यात शेती किंवा मिळेल ती मजुरी. पाय अधू झाला, गळा बसला, की रात्र बुडाली. यातील बहुतेक व्यवहार तोंडी चालतो, आणि तोंडी व्यवहारात प्रमुख भला असेल तर सारे भले, नसेल तर दाद कोठे मागावी? उतारवयातील कलावंतांस शासनाकडून मानधन मिळते ही चांगली गोष्ट आहे; परंतु ते शासनाचे साहाय्य झाले, मंडळीच्या घडणीतील व्यवस्था नव्हे. ज्या विश्वासाने रंगमंचावर संवाद फुलतो, तोच विश्वास हिशेबाच्या वहीची जागा घेऊ लागला की त्याचे ओझे दुबळ्यावर पडते.

या बाबतीत युरोपातील एक उदाहरण फार बोलके आहे. इटलीतील 'कोमेदिया देल्लार्ते' हा नाट्यप्रकार आपल्या दशावताराशी काही बाबतींत विलक्षण जुळणारा. तेथेही संवाद लिहिलेले नसत; कथानकाचा आराखडा तेवढा ठरलेला असे, भूमिकांचे ठसे ठरलेले असत, आणि बाकी सारे नटाच्या तोंडी. अशा नटांच्या एका मंडळीचा करारनामा पादुआ नगरात २५ फेब्रुवारी १५४५ रोजी लिहिला गेला व तो आजही उपलब्ध आहे. आठ जणांनी मिळून माफिओ नावाच्या आपल्यातील एकास प्रमुख नेमले आणि खेळाच्या बाबतीत त्याचा शब्द मानण्याचे कबूल केले. परंतु त्याच कागदात पुढे लिहिले आहे की मिळकत एका सामाईक पेटीत ठेवावी, त्या पेटीला तीन किल्ल्या असाव्यात व त्या तिघांपाशी असाव्यात, म्हणजे इतरांस नकळत ती कोणा एकास उघडता येऊ नये. कोणी आजारी पडल्यास त्याचा सांभाळ सामाईक पैशातून व्हावा. आणि सामान वाहण्यास सर्वांच्या खर्चाने एक घोडा घ्यावा. म्हणजे रंगमंचावर एकही वाक्य लिहून न घेणाऱ्या या माणसांनी पैसा, आजार आणि डोक्यावरचा बोजा या तीन गोष्टी मात्र लिहून घेतल्या. कोठे लेखणी चालवावी आणि कोठे ती आवरावी याचा त्यांस झालेला उमज आम्हांस फार मोलाचा वाटतो.

कारण आपल्या आजच्या कामाच्या जागी नेमके उलट घडत आहे. पेडण्यातून आता थोडे डिचोलीकडे वळू. आमच्या नोकरीची काही वर्षे त्या तालुक्यात गेली आहेत. तेथील दोन पिढ्यांचा संसार लोहखनिजावर चालला. खाणीवर खोदणारा, टिप्पर हाकणारा, बार्जवर काम करणारा, प्रत्येकाचे काम नेमके ठरलेले, खेपांची नोंद चोख. कागदाची वाण कोठेच नव्हती. परंतु ज्या आख्यानात आपण काम करीत आहो ते आख्यान कोठवर आले आहे, हे त्या टिप्परवाल्यास कोणी सांगितले होते काय? १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने खाणकाम थांबविले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही ते रोखले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपलेली होती. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये नूतनीकरण झालेले ८८ पट्टेही रद्द झाले. न्यायालयाच्या निर्णयाविषयी, अथवा डोंगरांची व पाण्याची जी हानी झाली तीविषयी, येथे वाद घालण्याचे कारण नाही. आम्हांस आठवतात ते त्या काळात मुलांची फी मागाहून भरू म्हणून विनविण्यास आलेले पालक. कर्ज काढून टिप्पर घेतलेला माणूस पाच वर्षे अशा मुलुखात खेपा घालीत होता जेथील मुदत संपून गेली होती, आणि त्यास ते ठाऊक नव्हते. दशावतारात द्वारपालाचे काम करणाऱ्यासही आख्यानाचा शेवट ठाऊक असतो. खेळ मध्येच थांबला तर निदान तो कोठे थांबला हे त्यास समजते.

आता पेडण्यात मोप्याचा विमानतळ आला आहे. तेथून जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उडू लागली. तुये व डिचोली येथे औद्योगिक वसाहती आहेत. आमच्या हातून दहावी होऊन गेलेली मुले तेथे पाळ्यांवर जातात. भेटली म्हणजे पगाराविषयी बोलतात, परंतु अधिक वेळ बोलतात ते वरिष्ठांनी आपणास कसे वागविले याविषयी. काय बोलावे, कसे हसावे, पाहुण्यास कोणत्या शब्दांनी संबोधावे हे सारे त्यांस छापून दिलेले असते. नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही हे मात्र पुष्कळांस तोंडीच कळते. पादुआच्या नटांनी जे तोंडी ठेवले ते येथे लेखी झाले आहे, आणि त्यांनी जे लेखी केले ते येथे तोंडी राहिले आहे. त्या मुलांपैकी कोणी उद्या स्वतः चार माणसांचा प्रमुख होईल. तेव्हा त्याने कोणाचा कित्ता गिरवावा? आम्ही त्यास व्यवस्थापनशास्त्राचे ग्रंथ वाचू नकोस असे सांगणार नाही. परंतु एक रात्र जत्रेत पडद्याच्या मागे बसून काढ, असे अवश्य सांगू.

समीक्षेच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष आम्ही नम्रपणे विद्वानांपुढे ठेवितो. दशावताराचे मूल्यमापन करताना त्यास 'संहिता नसलेले नाटक' म्हणणे पुरेसे नाही. ज्याचे आख्यान सर्वांचे आणि शब्द ज्याचा त्याचा, असे हे नाटक आहे. त्याचे सौंदर्य नटांच्या परस्परसंबंधांत आहे, आणि म्हणून ते संबंध कसे राखले जातात याचा अभ्यास हा कलेच्या अभ्यासाचाच भाग मानला पाहिजे. अलीकडे ट्रिकसीनची चमत्कृती, ध्वनिक्षेपकांचा गोंगाट आणि वेळेची घाई यांमुळे दशावतार बिघडतो अशी तक्रार होते. ती रास्त असली तरी आमच्या मते खरा धोका निराळा आहे. आज रात्रीचा खेळ आणि उद्याची चूल यांचा मेळ बसत नाही म्हणून जाणता नट मंडळी सोडून जाईल, आणि त्याच्या जागी येणाऱ्या नवख्यास ऐकण्याची सवय होण्याइतका काळ मिळणार नाही, तो धोका हा होय. पेटीला तीन किल्ल्या केल्याने कला भ्रष्ट होत नाही. उलट, त्यामुळे ती टिकण्याचा संभव वाढतो.

आमच्यापुरते म्हणाल तर यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनाची वाटणी करताना आम्ही सहकाऱ्यांस कामाचे छापील तक्ते दिले नाहीत. काय साधावयाचे ते एकदा सांगितले, खर्चाचा व वेळेचा हिशेब मात्र लिहून फलकावर लावला, आणि तो पाहण्याचा अधिकार शिपायांसह सर्वांस दिला. कार्यक्रम काही अगदी निर्दोष झाला नाही. एक प्रवेश लांबला, बक्षिसांचे टेबल आयत्या वेळी हलवावे लागले. ते टेबल कोणी हलविले हे आम्हांस नंतर कळले. सांगावयास कोणी आले नव्हते, आणि आम्हीही कोणास सांगितले नव्हते.